सांगितल्याला बरं

शेंदूरमाची, ता. जुन्नर
१७ जून २००१

तीर्थस्वरूप जानकूदादा यांस,
कुंडलिकचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमच्या चिठ्ठीमुळे नोकरी लागली. ओतूरला एसटी स्टँडच्या मागे नवशिखर मिनरल्सचं ऑफिस आहे, तिथे सोमवारपासून जातो. दहावीला दोनदा गणितात गेलेल्या मुलाला कोण घेतं? पण साहेबांनी माझं अक्षर पाहिलं आणि घेतलं. गळ्यात अडकवायला कार्ड दिलं आहे. त्यावर 'ग्राम समन्वय सहाय्यक' असं पद छापलं आहे. शब्द 'सहायक' किंवा 'साहाय्यक' असा आहे, मधला कुठलाच नाही. कार्ड गळ्यात घातलं की टोचतं.

साहेबांचं नाव सुदर्शन. पुण्याचे आहेत. हुद्दा 'जनसंवाद अधिकारी'. संवाद म्हणजे जीप देवळापुढे उभी करायची, लोकांना खाली बसवायचं, आपण खुर्चीवर बसायचं आणि बोलायचं. मी नकाशाचं खालचं टोक धरतो. वरचं टोक खिळ्याला असतं. खिळ्याचं आणि माझं काम एकच, फक्त खिळ्याला कार्ड दिलेलं नाही.

कंपनीला आपलं कळमजाईचं पठार हवं आहे. वरच्या तांबड्या दगडातून अॅल्युमिनियम निघतं म्हणतात. नकाशात पठाराला पिवळा रंग दिला आहे आणि वर लिहिलं आहे 'पडीक'. तुम्हाला ठाऊकच आहे, तिथे आमची वरई असते. तीन वर्षं पेरली की जमीन विसाव्याला सोडतात. नेमकं त्या वर्षी कुणीतरी जीपमधून मान बाहेर काढून पाहिलं असणार. दोन्ही वाड्यांना मे महिन्यात पाणी देणारा झरासुद्धा नकाशात नाही. मी साहेबांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "घेऊ रे दुरुस्त करून." चार दिवस झाले, पिवळा रंग आहे तसाच आहे.

वाटायला पत्रक आलं आहे. 'आदिवासि बांधवांनो, तुमच्या प्रगतिचा मार्ग.' मी लाल पेनाने दोन चुका काढल्या. साहेब हसले. "कुंडलिक, अरे हे वाचणार कोण?"

मी म्हणालो, "मी वाचलं ना, साहेब."

"तू काय, तू आता आमचा."

मी उलट बोललो असं तर त्यांना वाटलं नसेल? झऱ्याचं पुन्हा सांगावं की गप्प बसावं? तुम्ही थोरले आहात. काय ते कळवा.

तुमचा,
कुंडलिक


पारगाव
१ जुलै २००१

चि. कुंडलिक यास जानकूचे अनेक आशिर्वाद.

पत्र मिळालं. तुझा मेंदू अजून आश्रमशाळेच्या बाकावरच बसलाय. साहेबाच्या कागदावर लाल पेन चालवतोस? मास्तर आहेस का? त्या माणसाने ठरवलं तर उद्या तुझ्या जागी दुसरा उभा करील. नकाशाचं टोक धरायला काय लागतं?

झऱ्याचं, वरईचं सोडून दे. आमचं गाव धरणात गेलं तेव्हा तुझी आत्या छाती बडवत होती. काय झालं? खाली आलो, ट्रॅक्टर शिकलो, आज उसाच्या वाहतुकीत चार माणसं जानकूशेठ म्हणतात. तिथेच राहिलो असतो तर अजून हिरडे गोळा करत बसलो असतो. डोंगरातल्या माणसाला कुणीतरी खाली ढकलल्याशिवाय तो माणूस होत नाही. तुम्हाला ढकलायला जीप येतेय, आमच्या वेळी पाणी आलं होतं. नशीब समजा.

यात मला काही मिळायचं नाही. मामाचा पोरगा मार्गाला लागावा एवढंच. मान खाली, अक्षर चांगलं, तोंड बंद. एवढं जमव.

रस्त्याचं काम कधी सुरू होणार, कानावर आलं तर कळव. सहज विचारतो.

जानकू


शेंदूरमाची
१९ ऑगस्ट २००१

तीर्थस्वरूप जानकूदादा यांस,
शि. सा. न.

राग मानू नका, तुमच्या पत्रात 'आशीर्वाद' चुकला आहे. शी दीर्घ. बाकी पत्र समजलं.

नऊ तारखेला कंपनीने शाळेत कार्यक्रम ठेवला. ऐन वेळी कापडी फलक आला. मी उलगडून पाहिला. वर लिहिलं होतं, 'जागतिक आदिवासी दीन'. दादा, दिन म्हणजे दिवस. दीन म्हणजे बापुडा. मी साहेबांना धावत जाऊन सांगितलं. त्यांनी फलकाकडे पाहिलं, मग बसलेल्या लोकांकडे पाहिलं आणि म्हणाले, "असू दे, तसं फार चुकलेलं नाही." ड्रायव्हर हसला. त्या फलकाखाली साहेबांनी छत्र्या वाटल्या. काळ्या कापडावर पांढऱ्या अक्षरांत कंपनीचं नाव. दुसऱ्या दिवशी बाया छत्र्या घेऊन पठारावर गेल्या आणि वाऱ्याने सगळ्यांच्या काड्या उलट्या केल्या. भागूआजी मला म्हणाली, "तुझ्या कंपनीला म्हणावं, आदी हितला वारा बगून जावा, मंग दगड बगा."

आता मुख्य गोष्ट. पंधरा ऑगस्टला ग्रामसभा झाली. आपला आदिवासी भाग, म्हणून खाणीला ग्रामसभेचा ठराव लागतो. ग्रामसेवक भाऊसाहेबांचा हात मुरगळला होता. ते म्हणाले, "कुंडलिक, तुझं अक्षर मोत्यासारखं, इतिवृत्त तू लिही. सगळं लिही." मी सगळं लिहिलं. साहेब दीड तास बोलले. एक शब्द सोडला नाही. कोण खोकलं तेवढंच गाळलं.

माझ्या वडिलांचे चुलते बहिरूबाबा पुढे बसले होते. ते दर वाक्याला "बरं" म्हणत होते. साहेब म्हणाले, पठारावर यंत्रं येतील. बाबा म्हणाले, बरं. साहेब म्हणाले, झऱ्याऐवजी टँकर देऊ. बाबा म्हणाले, बरं. बाकीचेही मधूनमधून म्हणत होते. मी सगळे लिहिले. एकूण सदतीस. त्यातले बावीस बाबांचे. भाऊसाहेब वही बघून म्हणाले, "आरं, इतिवृत्त लिवतुयास का तमाशाचा वग?" पण साहेबांनी वही हातात घेतली आणि त्यांचं तोंड उजळलं. "सदतीस वेळा! असा ठराव अख्ख्या जिल्ह्यात नसेल." खाली भाऊसाहेबांनी डाव्या हाताने लिहिलं, 'सबब एकमताने मंजूर.' छत्री घेताना लोकांनी हजेरीच्या कागदावर अंगठे दिले होतेच. तो कागद जोडला.

साहेबांनी सगळ्यांदेखत माझ्या पाठीवर थाप मारली. बरं वाटलं. खोटं कशाला सांगू.

पण त्या दिवसापासून आमचे भिकाबाबा, म्हणजे वडील, माझ्याशी बोलत नाहीत. भाकरी पुढे सरकवतात आणि बाहेर जातात. काही चुकलं का माझं? मी तर होतं तसंच लिहिलं.

कुंडलिक


पारगाव
२ सप्टेंबर २००१

चि. कुंडलिक यास अनेक आशीर्वाद. (घे, दीर्घ काढला.)

शाबास. मला वाटलं नव्हतं तू एवढा कामाचा निघशील. सुदर्शन साहेबांची गाठ पडली होती मंचरला, तुझं नाव काढत होते.

वडिलांचं मनावर घेऊ नको. म्हाताऱ्यांना बदल सोसत नाही. त्यांनी बरं म्हटलं, तू बरं लिहिलं, विषय संपला. बरं म्हणजे होय. इथे उसाच्या वजनकाट्यावर मी बरं म्हटलं की ट्रॉली पुढे जाते, कुणी मला अर्थ विचारत नाही. सदतीस वेळा होय म्हणून वर रुसायचं, ही आपल्या डोंगरातलीच रीत. म्हणून तर आपलं काही झालं नाही.

रस्त्याचं लिहिलं नाहीस. कंपनी वाहतुकीला गाड्या लावणार असेल, त्याची यादी ऑफिसात येईल. आली की बघून ठेव.

जानकू


शेंदूरमाची
१४ सप्टेंबर २००१

तीर्थस्वरूप जानकूदादा यांस,
शि. सा. न.

हे पत्र मी तीनदा लिहिलं. दोन फाडली, कारण त्यांत खाडाखोड झाली.

वडील बोलेनात म्हणून मी बहिरूबाबांकडे गेलो. ते दाराशी बसून टोपली विणत होते. जे बोलणं झालं ते झालं तसं लिहितो.

मी म्हणालो, "बाबा, तुमी सभेत बरं म्हनला व्हता ना?"

"म्हनलो की."

"बावीस वेळा."

"आसंल. मी कशाला मोजू? मोजाया तू व्हता."

"मंग आता पठार जातंय म्हून सगळी माज्यावर का रागावली?"

बाबांनी बांबूची कांबट खाली ठेवली. "आरं लेका, त्यो दीड तास बोलत व्हता. पावणा मानूस घसा कोरडा करतुय आन आपुन मुकं बसायचं? बरं म्हंजी आयकलं. तुजी आजी गोष्ट सांगायची तवा तू न्हाई का बरं म्हनायचा? राजानं रानीला हाकललं, बरं. म्हंजी काय तू हाकलली का रानीला?"

"मंग न्हाई का नाय म्हनला?"

"इचारलं कुटं? त्यानं सांगितलं. सांगितल्याला बरं म्हनत्यात. इचारल्याला व्हय, नायतर न्हाई. तुला साळंत एवढं बी शिकवलं न्हाई?"

दादा, मी घरी आलो आणि इतिवृत्ताची माझी कच्ची प्रत काढली. सोळा पानं. लहानपणी गुरुजी म्हणायचे, विरामचिन्हांत कुंडलिकचा हात कुणी धरणार नाही. मी प्रत्येक ओळीवर बोट ठेवून पाहिलं. साहेबांच्या दीड तासाच्या बोलण्यात प्रश्नचिन्ह एकच आहे. अकराव्या पानावर. 'चहा आला का?'

म्हणजे त्या माणसाने आमच्या पठाराबद्दल आम्हाला काहीच विचारलं नाही. चहाबद्दल तेवढं विचारलं. आणि चहा आला होता म्हणून लोकांनी त्याला 'व्हय' असं उत्तर दिलं. तेही मी लिहिलं आहे. सोळा पानांत 'व्हय' एवढं एकदाच आहे. मी स्वतः या माणसांत जन्मलो, त्यांचं बरं ऐकत मोठा झालो, आणि कार्ड गळ्यात पडताच मला ते परक्यासारखं ऐकू आलं. साहेबाला माफ करता येईल, त्याला आपली बोली येत नाही. मला येत होती.

गाड्यांची यादी आली आहे. तिची नक्कल करायचं काम माझ्याकडेच आलं. चौथ्या ओळीत 'जानकु, पारगाव, डंपर दोन' असं होतं. तारीख मे महिन्याची आहे, म्हणजे मला चिठ्ठी देण्याच्या आधीची. 'जानकू'मधला कू त्यांनी ऱ्हस्व काढला होता. मी दीर्घ केला. तुमचं नाव तरी शुद्ध जावं.

कुंडलिक


पारगाव
२२ सप्टेंबर २००१

कुंडलिक,

होय, लावलेत दोन डंपर. चोरी केली का? सगळे लावतात. मी नाही लावले तर खालचा कुणी लावील. निदान खाणीत गाडी तरी आपल्या माणसाची फिरेल. तुला हे आधी सांगितलं असतं तर तू तेव्हाच झरा आणि वरई घेऊन बसला असतास.

आणि प्रश्नचिन्ह घेऊन कुठे जाणार आहेस? दोनदा नापास झालेला पोरगा सरकारला व्याकरण शिकवणार? बहिरूबाबाचं शहाणपण टोपल्यांपुरतं ठीक आहे. तुझी कच्ची प्रत चुलीत घाल.

आता नीट ऐक, तुझ्या भल्याचं सांगतो. दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत पहिला विषय असतो, मागील इतिवृत्त वाचून कायम करणे. एकदा कायम झालं की ठराव पक्का, मग देव आला तरी बदलत नाही. पंचायत समितीचे विस्तार अधिकारी हजर राहणार आहेत. सुदर्शन साहेब म्हणत होते की वाचायला कुंडलिकच उभा करू, गावचाच पोरगा, वाचतो छान. तू चारच ओळी वाचायच्या. अधिकारी म्हणतील, बरोबर आहे. म्हातारे म्हणतील, बरं. संपलं. पाच मिनिटांचं काम. त्या पाच मिनिटांत शहाणा होऊ नको.

आत्याला तुझ्या लग्नाची काळजी आहे. नोकरी नसलेल्याला मुलगी कोण देतं?

जानकू


शेंदूरमाची
४ ऑक्टोबर २००१

तीर्थस्वरूप जानकूदादा यांस,
शि. सा. न.

सभा कशी होणार ते तुम्ही आधी कळवलंत, त्याबद्दल आभारी आहे. एरवी मी गोंधळलो असतो. सवडीने विचार करायला आठवडा मिळाला.

विस्तार अधिकारी अकरा वाजता आले. सुदर्शन साहेब त्यांच्या शेजारी बसले. मला वही दिली. साहेब हळूच म्हणाले, "फक्त शेवटचा परिच्छेद." मी उभा राहिलो. मी अधिकाऱ्यांना म्हणालो, "साहेब, विषयपत्रिकेवर 'इतिवृत्त वाचून' असं आहे. 'इतिवृत्तातलं थोडं वाचून' असं नाही." त्यांनी घड्याळ पाहिलं, विषयपत्रिका पाहिली आणि म्हणाले, "वाचा."

मी सोळाही पानं वाचली. पूर्णविरामाला थांबून, स्वल्पविरामाला अर्धं थांबून. साहेबांचं भाषण साहेबांच्याच शब्दांत. 'इथे काय आहे तर दगड आणि गवत' हे वाक्य तुम्हाला प्रश्नासारखं वाटेल, पण त्यांनी उत्तर त्याच दमात स्वतःच दिलं होतं, म्हणून मी तिथे प्रश्नचिन्ह दिलं नव्हतं. साहेब एकदा म्हणाले, "अहो, पुरे ना!" अधिकारी म्हणाले, "तुमचंच आहे, ऐका की." अकराव्या पानावर 'चहा आला का?' आलं तेव्हा मागून भागूआजी ओरडली, "तवा बी उशिराच आला व्हता!" पोरं हसली. नऊ तारखेला छत्री घेताना सगळ्यांनी अंगठे दिलेत, असं साहेब भाषणात म्हणाले होते, तेही त्यात होतं. छत्रीसाठी दिलेले अंगठे ठरावाला कसे जोडले, हे अधिकाऱ्यांनी भाऊसाहेबांना विचारलं. भाऊसाहेब आपल्या हाताकडे बघत राहिले, जणू तो अजून मुरगळलेलाच आहे.

मग अधिकारी म्हणाले, "तर हे इतिवृत्त बरोबर आहे. कायम करायचं."

बहिरूबाबा म्हणाले, "बरं."

मागच्या दोघाचौघांनी म्हटलं, "बरं."

सुदर्शन साहेब हसले. ते हसणं मी विसरणार नाही. मेंढरं वाड्यात शिरल्यावर माणूस असा हसतो.

मी म्हणालो, "साहेब, एक शंका. मला आजचं इतिवृत्त लिहायचं आहे. तुमच्या वाक्यापुढे पूर्णविराम देऊ की प्रश्नचिन्ह?"

"म्हणजे?"

"तुम्ही हे सांगितलं की विचारलं?"

सुदर्शन साहेब उठले. "हा पोरगा जरा चक्रम आहे, सर. दहावी नापास."

अधिकारी त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "विचारलं. अर्थात विचारलं. ग्रामसभेला विचारायचंच असतं. प्रश्नचिन्ह द्या."

मी लोकांकडे वळलो आणि म्हणालो, "आयकलं का? सायेब सांगत न्हाईत. इचारत्यात. पठार कंपनीला द्यायचं का?"

बहिरूबाबांना उठायला वेळ लागला. भिकाबाबांनी, माझ्या वडिलांनी, त्यांना हात दिला. बाबा म्हणाले, "इचारलं व्हय? मंग न्हाई."

मग वडील म्हणाले, "न्हाई." मग भागूआजी, "न्हाई, आन तुजी छत्री बी घिऊन जा." मग एकेक जण. मी आधी मोजायला लागलो होतो, पण मोजणं सोडलं आणि प्रत्येकाच्या नावापुढे लिहीत गेलो. अठ्ठ्याऐंशी नावं. अधिकाऱ्यांनी इतिवृत्त कायम केलं नाही. ठराव रद्द समजावा असा शेरा लिहिला आणि खाली सही केली.

साहेबांनी जीपमध्ये बसताना माझं कार्ड मागून घेतलं. मी दिलं. गळ्याला आता टोचत नाही.

काल जेवताना वडील म्हणाले, "कोरड्यास घे आनिक." एवढंच बोलले. मी घेतलं.

तुमच्या डंपरचं वाईट वाटतं. खरंच वाटतं. आत्याचं गाव पाण्यात गेलं तेव्हा तिला कुणी विचारलं होतं का, ते एकदा तिलाच विचारून पाहा.

कुंडलिक


पारगाव
२० ऑक्टोबर २००१

चि. कुंडलिक यास अनेक आशीर्वाद.

झालं ते झालं. आईला मी काही विचारलं नाही. तिला आता त्यातलं आठवतही नसेल.

सुदर्शन साहेब मोठ्या मनाचे आहेत. त्यांनी तुझ्यावर राग धरलेला नाही. उलट म्हणाले, पोरगा हुशार आहे, असा आपल्याकडे हवा. कंपनी आता पलीकडच्या खोऱ्यात जाणार आहे. तिथेही आपलीच माणसं, तसाच डोंगर. तिथल्या लोकांना कसं विचारायचं, कोणत्या शब्दांत विचारलं की ते नाही म्हणणार नाहीत, हे तू साहेबांना शिकवायचं. बरं आणि व्हय यांतला फरक तुझ्याइतका कुणाला कळत नाही, असं ते म्हणाले. कार्ड नवीन छापलंय. या वेळी शुद्ध आहे, मी स्वतः पाहिलं. पदही वाढवलंय, 'भाषा सल्लागार'.

माझे डंपरही तिकडेच लागतील. घरातलीच दोन माणसं एका कामावर असली की बरं पडतं.

दिवाळीच्या आधी, सोमवारी पाच नोव्हेंबरला, सकाळी दहाला ओतूरच्या ऑफिसात यायचं. मी साहेबांना शब्द दिलाय. यात विचारण्यासारखं काही नाही, सांगतोय.

जानकू


(पोस्टकार्ड)

शेंदूरमाची
२७ ऑक्टोबर २००१

तीर्थस्वरूप जानकूदादा यांस,
शि. सा. न.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. शुद्धलेखनाची एकही चूक नाही.

बरं.

कुंडलिक